दीड तासाचा उशीर

होडी रुतली तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. नुसता एक हिसका बसला... तोही हलका, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. पण मालिनी नेमकी त्याच वेळी बगळे बघायला उभी राहिली होती. तिचा तोल गेला, ती मागे बसली, आणि बसली ती श्रीपादच्या पुस्तकावर.

"काय मोडलं?" तिने बसल्याबसल्याच विचारलं.

"काही नाही... पुस्तक आहे."

"कसलं?"

"पक्ष्यांचं."

"अगबाई. म्हणजे आतले सगळे चपटे झाले."

श्रीपादला हसू आलं होतं, पण ते ओठांवर येण्याआधीच सुकाणूवरून महिपती नाखवा सावकाश म्हणाला, "मास्तर, तुमच्या कागदावर पानी चढतंय. खाडीत मात्र उतरतंय."

होडीतल्या अठरा माणसांनी एकदम श्रीपादकडे बघितलं. त्याने पुस्तकाकडे हात नेला, पण ते अजून मालिनीच्या खालीच होतं.

श्रीपाद अंबरनाथच्या एका कारखान्याच्या क्लबात कारकून होता. क्लबाची पुस्तकं सांभाळायची, वर्तमानपत्रं लावायची, पत्त्यांचे जोड मोजून ठेवायचे, आणि थंडीच्या दिवसांत रविवारची खाडीची सहल ठरवायची, एवढं त्याचं काम. कारखान्याच्या ट्रकमधून मंडळी पहाटे कल्याणच्या बंदरावर जात. तिथे महिपतीचा मचवा उभा असे. पूर्वी तो मचवा भात आणि कौलं वाहत असे. ते काम ट्रकांनी पळवलं, तेव्हा महिपतीने कौलांच्या जागी साहेबलोक बसवले. खाडीत खाली जायचं, पक्षी बघायचे, गळ टाकून जिताडा लागतो का बघायचं, आणि पाणी उतरायच्या आत परत यायचं. वाटेत एके ठिकाणी चिखलाचा लांबट उंचवटा होता. भाटी म्हणत त्याला. भरतीचं पाणी असेपर्यंत भाटी ओलांडली तर ठीक, नाही तर पुढची भरती येईपर्यंत बसून राहायचं.

म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी श्रीपाद एक कागद लिहून फलकावर लावत असे आणि पहाटे तोच काढून बरोबर नेत असे. वर तिथी, खाली भरतीची वेळ, त्याखाली भाटी कधी ओलांडायची ते. मुंबईच्या भरतीची वेळ वर्तमानपत्रात छापून येई. मुंबईच्या पाण्याला कल्याणपर्यंत पोचायला दीड तास लागतो, हे त्याने एका पुस्तकात वाचलं होतं. पण त्या आठवड्यात वर्तमानपत्राचा तो अंक कुणीतरी नेला, म्हणून त्याने वेळ महिपतीलाच विचारली. महिपतीने सांगितलेली वेळ कल्याणची होती. तिच्यात उशीर आधीच धरलेला होता. श्रीपादने पुस्तकाप्रमाणे त्यात पुन्हा दीड तास मिळवला. महिपतीने निघायची घाई केली होती, नाही असं नाही. पण साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, अजून पुष्कळ वेळ आहे.

आता पुष्कळ वेळ होता खरा. संध्याकाळचे सव्वापाच वाजेपर्यंत.

पहिला तासभर सगळे चिडले. मग पुरुषांनी पत्ते काढले, बायकांनी डोक्यावर पदर घेऊन डुलक्या काढल्या. श्रीपाद अगदी टोकाला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर, सगळ्यांकडे पाठ करून बसला. आजूबाजूचं पाणी सरकत गेलं आणि चिखल वर आला... करडा, चकचकीत, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. त्यावर बोटभर निवट्या मासे टुणटुण उड्या मारू लागले. बिळाबिळातून खेकडे बाहेर आले.

"हे घ्या तुमचं पुस्तक," मागून आवाज आला. मालिनी पुस्तक हातात घेऊन उभी होती. शिडाची सावली सरकत सरकत श्रीपादच्या बाजूला आली होती, आणि सावलीबरोबर तीही. "मी इथे बसले तर चालेल? तिकडे सगळे तुम्हाला नावं ठेवतायत. मला ऐकून ऐकून पाठ झालं."

"बसा ना... म्हणजे, चूक माझीच आहे."

"ते मला ठाऊक आहे. ते पक्षी कोणते?"

"तुतवार."

"आणि ते?"

"तेही तुतवारच."

"आणि ते लांबचं, एकटं?"

श्रीपादने डोळे बारीक केले. "तो... दगड आहे."

मालिनी हसली. पत्ते खेळणाऱ्या विष्णुपंतांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा पत्त्यांत घातली. विष्णुपंत तिचे वडील, कारखान्याच्या भांडाराचे अधिकारी. मालिनी पुण्याहून बी. ए. होऊन महिन्यापूर्वीच अंबरनाथला आली होती. श्रीपादने तिला दोनदा लांबून बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा आपला चष्मा पुसला होता.

मग पाणमांजरं दिसली. चिखलातून वाहणाऱ्या अरुंद ओहोळात एका ओळीत तीन काळी डोकी वर आली, श्वास घेतला, खाली गेली. श्रीपादने नकळत मालिनीच्या बाहीला धरलं... आणि विस्तव लागावा तसा हात मागे घेतला.

"सोडलंत कशाला?" ती ओहोळावरची नजर न काढता हळूच म्हणाली. "दाखवायचं तर नीट धरून दाखवावं माणसाने. एवढ्याशा चिमटीने काय दिसणार?"

ते सात तास कसे गेले ते श्रीपादला कळलं नाही. घरी, बदलापूरला, माईने जेवायला वाढताना विचारलं, "आज उन्हाने भाजून आलास की काय? चेहरा केवढा लाल झालाय." श्रीपादची आई म्हणजे माई. तो म्हणाला, "होडी रुतली." माईला ते उत्तर पुरलं नाही, पण तिने आणखी विचारलं नाही.

*

त्यानंतर मालिनी क्लबात पुस्तकं न्यायला येऊ लागली. दोन दिवसांत पुस्तक परत आणी. श्रीपाद नोंद करताना मान खाली घाली, आणि ती मुद्दाम टेबलावरचं शाईचं झाकण फिरवत उभी राही.

"अहो ग्रंथपाल, हे पुस्तक तुम्ही वाचलंय?"

"हो."

"शेवट कसा आहे?"

"सांगितला तर वाचायची गंमत जाईल."

"गोड आहे की वाईट, तेवढंच सांगा. वाईट असेल तर मी शेवटची पानं वाचत नाही."

श्रीपाद नोंदीतलं तेच अक्षर पुन्हा गिरवू लागला. ती म्हणाली, "कळलं. वाईट आहे." आणि तरीही ते पुस्तक घेऊन गेली.

दुसऱ्या सहलीच्या आदल्या दिवशी तो फलकावर लावायचा कागद लिहायला बसला होता. मालिनीने टेबलाशी वाकून विचारलं, "या वेळी बरोबर लिहिणार का?"

"हो तर. क्लबाचे सेक्रेटरी केवढे रागावले होते."

"मग साडेआठला भाटी ओलांडणार, नऊला बंदर, दहाला घरी." ती बोटांवर मोजत होती. "दहाला घरी जाऊन मी काय करू?"

श्रीपादने टाक दौतीत बुडवला. बुडवलेलाच ठेवला.

"चूक परत करा ना," ती म्हणाली.

"मुद्दाम चूक कशी करायची?"

"जशी नकळत केलीत तशीच. फक्त आता कळून करायची."

श्रीपादने आयुष्यात कधी कळून चूक केली नव्हती. परीक्षेत शेजारच्याच्या पाटीवर त्याची नजर गेली, तर तो स्वतःचं बरोबर आलेलं उत्तरही पुसून टाकत असे. पण त्या संध्याकाळी त्याने वर्तमानपत्रातली वेळ घेतली, तिच्यात दीड तास मिळवला, जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं... आणि आणखी दीड तास मिळवला.

पहाटे ट्रक उल्हासनगरच्या कॅम्पातून जात असे. बराकींतून धूर निघत असे, कुठे तळणाचा वास. वळणावर एक म्हातारा सिंधी कोळशाची शेगडी पेटवत बसलेला असे. सहलीच्या मंडळींकडे गळाच्या काठ्या बघून तो दर वेळी हात करी आणि म्हणे, "पल्ला मिले तो लाना, साब." पल्ला म्हणजे त्यांच्या सिंधू नदीतला मासा.

"इथे मिळतो तो?" मालिनीने विचारलं.

"त्यांना हवा तसा नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"असणार. चार वर्षं विचारतायत."

मालिनी वळून वळून त्या शेगडीकडे बघत राहिली.

बंदरावर महिपतीने कागद वाचला. त्याला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. त्याने श्रीपादकडे बघितलं, मग मालिनीकडे, मग आभाळाकडे. "पुन्ना तसाच कागद, मास्तर? बरं. मना काय... मी चिंबोऱ्या धरीन."

होडी रुतली. विष्णुपंत म्हणाले, "दुसऱ्यांदा, श्रीपाद? अरे, आकडे कळतात ना तुला?" सेक्रेटरी म्हणाले की तिसऱ्यांदा झालं तर क्लबाला दुसरा कारकून बघावा लागेल. श्रीपादने सगळं खाली मान घालून ऐकलं. इतकं बोलणं खाऊन इतकं सुख वाटावं, याचीच त्याला लाज वाटत होती.

त्या दुपारी महिपती गुडघाभर चिखलात उतरून खेकड्यांच्या बिळांत हात घालत होता आणि तोंडाने बोलत होता. "आज अष्टमी. आज पानीच कमी. म्हनून अडकला. पुनवेला या बघा, उधानाला. या भाटीवर हातभर पानी जास्ती. म्हैस बुडंल, म्हैस."

श्रीपादने वही काढून लिहिलं: उधाणाला भाटीवर हातभर पाणी जास्त. म्हैस बुडेल इतकं.

मालिनीने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: पण म्हशीला विचारलं का?

ती वही श्रीपाद उशाशी ठेवू लागला. ते पान तो रोज उघडत असे. वाचत असे ती खालची ओळ.

*

पौष लागला. एका दुपारी मालिनी आली ती पुस्तकाशिवाय. टेबलासमोर बसली. शाईचं झाकण फिरवलं नाही.

"रविवारी संध्याकाळी मला बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "दिनानाथ नाव आहे. मोंबासाला रेल्वेत हिशेबनीस आहेत. रजेवर आलेत, महिन्याभराने परत जाणार."

"पौषात?" श्रीपादने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बाबा म्हणाले, बोट काही पौष बघून सुटत नाही. पाच वाजता येणार, सातच्या गाडीने जाणार. सोमवारी ते नागपूरला दुसरी मुलगी बघायला निघतायत. तिथलं जवळजवळ ठरलंच आहे म्हणे. आमचा रविवार चुकला तर संपलं... ते पुन्हा यायचे नाहीत."

क्लबाच्या भिंतीवरचं घड्याळ वाजलं. दोघांनीही तिकडे बघितलं.

"बाबांशी बोला," मालिनी म्हणाली.

"मी?"

"मग कोण? मी सांगितलं तर ते म्हणतील, त्याला तोंड नाही का."

श्रीपाद दुसऱ्याच दिवशी विष्णुपंतांच्या बंगल्यावर गेला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली. आमची परिस्थिती बेताची आहे, पण... माझी आई आहे, तिला... वाक्यं तशी चांगली होती. विष्णुपंत पडवीत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "काय रे, काय काम काढलंस?"

श्रीपाद म्हणाला, "रविवारच्या सहलीला... माणसं किती धरू?"

आत माजघराच्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

सहल त्या रविवारीच होती. कारखान्यात यंत्र बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर आणि त्याची बायको पुढच्या आठवड्यात जाणार होते. त्यांना पाणमांजरं बघायची होती. त्या बाईंशी इंग्रजीत बोलायला मालिनीने यावं असं ठरलं. विष्णुपंतांनी दोनदा विचारलं, "किती वाजता परत? नीट सांग, घरी पाहुणे आहेत."

शनिवारी मालिनी फलकापाशी आली. क्लबात दुसरं कुणी नव्हतं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर श्रीपादला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला बोलता येत नाही, हे मला कळलं," ती म्हणाली. "मग निदान होडी तरी रुतवा."

श्रीपादने वर बघितलं.

"तेवढं करा. बाकी सगळं मी बोलेन. बाबांशी, आईशी, सगळ्यांशी मी बोलेन. पण एवढं एक तुम्ही केलेलं मला दिसू दे."

ती गेल्यावर श्रीपादने कागद पुढे ओढला. वर नेहमीसारखी तिथी लिहिली: पौष पौर्णिमा. मुंबईची भरती सव्वाअकरा. दीड तास मिळवला. पुन्हा दीड तास मिळवला. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. भाटी सव्वातीन. बंदर चार. खरं म्हणजे भाटी पावणेदोनलाच ओलांडायला हवी होती. परदेशी पाहुण्यांना घेऊन होडी रात्रीपर्यंत चिखलात बसणार होती. नोकरी जाणार, हे त्याला दिसत होतं. माईला काय सांगायचं, याचाही त्याने विचार केला. कागद फलकावर लावला, चार टाचण्या टोचल्या, आणि घरी गेला.

*

रविवारी मालिनी जुनं, विटकं पातळ नेसून आली होती. चिखल लागला तरी हरकत नाही असं. तिच्या हातात दोन डबे होते.

"अगं, दोन कशाला?" विष्णुपंत म्हणाले.

"असू द्यात, बाबा. भूक लागते पाण्यावर."

ती श्रीपादच्या जवळून गेली तेव्हा दशम्यांचा वास आला. दोन डब्यांतल्या दशम्या... संध्याकाळच्या जेवणालाही पुरतील इतक्या. इतका विश्वास श्रीपादवर आजवर कुणीच ठेवला नव्हता. त्याने स्वतःनेसुद्धा.

महिपतीने कागद बघितला. काही बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिनिअरची बायको फळीवर घसरली आणि तो तिला सावरायला धावला.

दिवस फार छान होता. पाणमांजरं दिसली, एक नाही, पाच. ब्राह्मणी घारीने डोळ्यांदेखत मासा उचलला. इंजिनिअरच्या गळाला हातभर जिताडा लागला, आणि त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मालिनी तिच्याशी बोलत होती, हसत होती. पण हसताना तिची नजर पाण्यावर जात होती. दोनदा ती श्रीपादवर आली. एकदा तर मालिनी नुसती भुवई उचलून जणू म्हणाली... आता?

अजून थोडा वेळ, असं श्रीपादने पापणीने सांगितलं.

तीन वाजून गेले. मचवा वर फिरला. दूरवर तिवरांच्या झाडीचं वळण आलं. त्याच्या पुढे भाटी. श्रीपादने दोन्ही हातांनी फळी धरली. मालिनी उभी राहिली होती, पहिल्या दिवशी राहिली होती तशीच, आणि तिने कशाचाच आधार घेतला नव्हता. तिला पडायचं होतं.

तळाला चिखल लागला. खर्र... एवढाच आवाज. मचव्याची गती जराशी तुटली. क्षणभर वाटलं, आता. आणि मग ज्या पाण्याने त्याला खालून उचलून धरलं होतं त्यानेच त्याला हलकेच पुढे ढकललं. चिखल तळाला नुसता चाटून गेला. भाटी मागे पडली.

"पुनवेचं पानी," महिपती स्वतःशीच म्हणाला. "अजून हातभर हाय."

मालिनी उभीच होती. तिने मागे वळून भाटीकडे बघितलं, मग श्रीपादकडे. अजून वेळ होता. विष्णुपंत तीन हातांवर बसले होते, घड्याळ बघून खूश झालेले. आत्ता, याच क्षणी, उठून बोललं असतं तरी चाललं असतं. अहो, होडी रुतवायची होती मला, तेही जमलं नाही, म्हणून सांगतो... इतकं जरी म्हटलं असतं. श्रीपादने तोंड उघडलं. त्याने चष्मा काढला आणि पुसू लागला.

बंदरावर उतरताना विष्णुपंत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरोब्बर चार. शिकलास बघ." मालिनी मागून आली. न उघडलेला दुसरा डबा तिने महिपतीच्या हातात दिला.

"याचं काम पडलं नाही," ती म्हणाली. आणि श्रीपादकडे न बघता ट्रकमध्ये चढली.

कॅम्पात वळणावर म्हाताऱ्याने हात केला. "मिला, साब?"

"नहीं मिला," श्रीपाद म्हणाला.

*

दिनानाथांना मुलगी पसंत पडली. माणूस चांगला होता, असं क्लबात सगळेच म्हणत होते. माघात लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या.

लग्नाच्या चार दिवस आधी मालिनी क्लबात आली. तिच्याकडे एक पुस्तक राहिलं होतं, ते टेबलावर ठेवलं. त्याच्या आत एक घडी घातलेला कागद होता. पौष पौर्णिमेचा, चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं असलेला.

"मी महिन्याभरात तुमच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही भिऊन बरोबर वेळ लिहिलीत. परवा कल्याणला साड्या घ्यायला गेलो होतो, तिथे महिपती भेटला. हा कागद त्याच्याकडेच राहिला होता. त्याने सांगितलं, मास्तरांनी दोनदा उशीर मिळवला होता. पण पुनव होती."

श्रीपादने मान हलवली.

"नोकरी गेली असती तुमची."

"हो."

ती जरा हसली. तिच्या चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं, आणि श्रीपादला वाटलं, आता गप्प बसलो तर हे ऊन कायमचं आपलं राहील. पण तिने कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं होतं.

"हे वर पौर्णिमा तुम्हीच लिहिलंत. आणि वहीत उधाणाचं लिहिलंत, तेही माझ्यासमोर. मग... लिहिताना आठवलं नाही?"

श्रीपादने कागदावरची तिथी पुन्हा वाचली.

"रोज तेच पान उघडत होतो मी," श्रीपाद म्हणाला. "वाचत होतो ती तुमची ओळ. माझी नाही. म्हणून आठवलं नसेल." तो थांबला. "की आठवलं होतं... आणि म्हणूनच हात कचरला नाही. मला कळत नाही. महिनाभर स्वतःला विचारतोय. खरंच कळत नाही."

मालिनीने कागदावरचं बोट उचललं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता.

"खोटं तरी सांगायचंत," ती म्हणाली. "मी ते जन्मभर जपलं असतं."

"तुमच्याशी... नाही जमलं."

"तेच ना." तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले. "तेच तर आवडलं होतं मला. त्या दिवशी तुम्ही दगडाला दगड म्हणालात. दुसऱ्या कुणीही कुठल्यातरी पक्ष्याचं नाव ठोकून दिलं असतं."

श्रीपादने ड्रॉवरमधून वही काढली. ते पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. सगळ्या जन्मात त्याने कुठल्याही वहीचं पान फाडलं नव्हतं. आता त्याने पट्टी घेतली, ती पानावर आडवी धरली. मालिनीने त्याचा हात धरला. नीट धरला, चिमटीत नाही.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तुमच्याकडेच. पण आता वरचीही ओळ वाचत जा."

ती गेली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'परत आले' असं लिहायला श्रीपादला त्या दिवशी फार वेळ लागला.

*

मोंबासाची बोट माघ वद्य पंचमीला सुटणार होती. वर्तमानपत्रात तसं आलं होतं. मुंबईची भरती पावणेचारला, आणि बोट भरतीच्या पाण्यावर गोदी सोडणार.

मुंबईला गोदीवर जावं, असं श्रीपादच्या मनात एकदाही आलं नाही. तिथे जाऊन तो करणार काय होता? विष्णुपंतांनी विचारलं असतं, काय काम काढलंस. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कल्याणच्या बंदरावर गेला.

महिपती उलट्या घातलेल्या होडीला डांबर लावत होता. "आज सहल नाय ना, मास्तर?"

"नाही. पाणी बघायला आलो."

महिपतीने जास्त विचारलं नाही. बसायला एक फळी पुसून दिली.

पावणेचार वाजले तेव्हा खाडी अर्धीच भरली होती. आत्ता तिकडे बोट उचलली गेली असेल, श्रीपादने मनाशी म्हटलं. दोर सुटले असतील. ती कठड्याशी उभी असेल, कशाचा तरी आधार घेऊन. जे पाणी तिच्या बोटीखाली आहे तेच इकडे यायला निघालंय. ठाण्याच्या बाजूने, तिवरांतून, भाटीवरून. त्याला दीड तास लागेल.

तो बसून राहिला. चिखलाचे काठ एकेक करून बुडत गेले. निवट्या उड्या मारत वर सरकल्या. तुतवार उठले आणि ओरडत पलीकडे गेले. सव्वापाचला पाणी बंदराच्या खालच्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या पायरीवर... आणि थांबलं. चढणं नाही, उतरणं नाही. काटकी टाकली तर ती जागच्या जागी राहावी इतकं निश्चल.

घड्याळात सव्वापाचच वाजले होते. एका मिनिटाचाही फरक नव्हता. या वेळी त्याने उशीर एकदाच मिळवला होता.

श्रीपाद दोन पायऱ्या उतरला. वाकून त्याने पाण्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने बोटांना कळेल न कळेल अशी ओढ लागली. पाणी परत निघालं होतं.